प्रोटीन शेक आणि आपले ताट : वाचकांच्या प्रश्नांना आहारतज्ज्ञांची उत्तरे

प्रश्न : माझे वय ३४, उंची १५८ सेंटिमीटर. चार महिन्यांपूर्वी वजन ७७ किलो होते, ते आता ७२ किलो झाले आहे. मी पुण्यात संगणक क्षेत्रात नोकरी करते आणि आठवड्यातून चार दिवस जिममध्ये वजने उचलण्याचा व्यायाम करते. दिवसाला सुमारे १४०० कॅलरींच्या आत राहण्याचा प्रयत्न असतो. सकाळी चहा आणि पोहे किंवा उपमा, दुपारी दोन पोळ्या, पालेभाजी, वाटीभर पातळ वरण आणि काकडी, संध्याकाळी चहा आणि मूठभर कुरमुरे, रात्री थोडी मुगाची खिचडी असा माझा आहार आहे. अंडी खाते, मांस-मासे खात नाही. हल्ली थकवा फार येतो आणि केस गळतात. ट्रेनर रोज दोन स्कूप प्रोटीन पावडर घ्यायला सांगतात. सासूबाई म्हणतात की त्याने किडनी खराब होते. सरकारी संस्थेनेच अशा पावडरी टाळायला सांगितल्या आहेत, असे यजमानांनी वाचले आहे. यातले खरे काय मानावे?
— एक वाचिका, पुणे

उत्तर : आपण रोजच्या जेवणाचा तपशील दिलात, त्यामुळे मोघम उत्तर देण्याची वेळ माझ्यावर आली नाही. ट्रेनर, सासूबाई आणि यजमान या तिघांच्याही म्हणण्यात काही ना काही तथ्य आहे. परंतु तिघांपैकी कोणीही आपल्या ताटाकडे पाहिलेले नाही. पावडर घ्यावी की नाही हे ठरवण्यापूर्वी आज आपल्या पोटात प्रथिने किती जातात हे मोजले पाहिजे, आणि ते मोजणे अवघड नाही.

पोह्यांच्या बशीत, शेंगदाणे धरून, ५ ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. दोन पोळ्यांतून सुमारे ६ ग्रॅम मिळतात. पातळ वरणाच्या वाटीत कोरडी डाळ जेमतेम २० ग्रॅम असते, म्हणजे प्रथिने ४ ग्रॅमच्या वर नाहीत. भाजीचे २, दोन वेळच्या चहातल्या दुधाचे ३, कुरमुऱ्यांचे १ ते २ आणि रात्रीच्या खिचडीचे ६ ग्रॅम धरले, तरी दिवसाची बेरीज तिसाच्या थोडीही पुढे जात नाही.

आता गरज किती ते पाहू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली प्रौढ व्यक्तीसाठी वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने हे प्रमाण ठरवले आहे. वजन जास्त असलेल्या व्यक्तीसाठी हा हिशेब प्रत्यक्ष वजनावर न करता उंचीला साजेशा वजनावर करणे मला योग्य वाटते. आपल्या उंचीला ते सुमारे ५७ किलो येते, म्हणजे किमान ४७ ग्रॅम प्रथिने हवीत. हे प्रमाण मात्र पोटभर जेवणाऱ्या, बेताच्या हालचालीच्या निरोगी माणसाचे आहे. आपण एकाच वेळी कमी खाता आणि वजनेही उचलता, म्हणून आपल्याला किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅम, म्हणजे साधारण ७० ते ९० ग्रॅम प्रथिनांची गरज आहे. थोडक्यात, व्यायाम न करणाऱ्या व्यक्तीला जेवढी लागतात तेवढीही प्रथिने आपल्याला मिळत नाहीत, आणि चार महिने हे असेच चालले आहे.

कमी खाताना प्रथिने वाढवावी लागतात, हे अनेकांना उलटे वाटते. आहारातून मिळणारी ऊर्जा कमी पडली की शरीर साठवलेली चरबी वापरते, पण तेवढ्यावर थांबत नाही. स्नायूंतील प्रथिनांचे विघटन करून त्यातील अमिनो आम्लेही (प्रथिने ज्यांची बनतात ते घटक) इतर कामांसाठी वळवते. व्यायामाविना केवळ उपासमारीने उतरवलेल्या वजनाचा सुमारे चौथा हिस्सा चरबीचा नसून स्नायू आणि इतर ऊतींचा असतो, असे सर्वसाधारणपणे आढळते. काट्यावरचा आकडा उतरतो आणि आपण समाधानी होतो. पण जिने चढताना पाय भरून येऊ लागतात, आणि नेहमीसारखे खायला लागताच वजन परत येते. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात ४० तरुण पुरुषांवर झालेला आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग या संदर्भात बोलका आहे. सर्वांचा आहार गरजेपेक्षा ४० टक्क्यांनी कमी केला आणि चार आठवडे त्यांच्याकडून कसून व्यायाम करवून घेतला. एका गटाला किलोमागे १.२ ग्रॅम प्रथिने दिली, दुसऱ्याला २.४ ग्रॅम. पहिल्या गटाची चरबी सरासरी ३.५ किलोने उतरली आणि स्नायू जवळपास होते तेवढेच राहिले. दुसऱ्या गटाची चरबी ४.८ किलोने उतरली आणि स्नायूंसह चरबीविरहित वजन सुमारे सव्वा किलोने वाढले. हे सारे तरुण होते, प्रयोग एका महिन्याचा होता आणि व्यायाम अतिशय कठोर होता, म्हणून आपण त्यातला २.४ चा आकडा उचलू नये. कमी आहाराच्या काळात प्रथिने आणि व्यायाम मिळून स्नायूंचे रक्षण करतात, एवढे मात्र त्यातून निश्चित घ्यावे.

प्रथिने पुरेशी घेण्याचे आणखी दोन फायदे आहेत. त्यांच्यामुळे पोट अधिक वेळ भरल्यासारखे राहते, आणि ती पचवण्यासाठी शरीराला त्यांच्यातील ऊर्जेपैकी २० ते ३० टक्के खर्च करावी लागते. पिष्टमय पदार्थांसाठी हा खर्च ५ ते १० टक्केच असतो. संध्याकाळी कुरमुऱ्यांनंतरही जी भूक लागते, तिचे कारण बहुधा प्रथिनांची ही कमतरताच असावी.

आता पावडरीकडे वळू. दूध नासवून पनीर केल्यावर जे हिरवट पाणी खाली उरते, ज्याला आपल्याकडे निवळी म्हणतात, त्यातील प्रथिने गाळून आणि वाळवून व्हे पावडर तयार होते. दुधातील प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के केसीन असते, ते पनिरात किंवा चीजमध्ये जाते. उरलेले २० टक्के या निवळीत राहतात. म्हणजे ही वस्तू औषध नाही, आणि विषही नाही. तो दुधाचाच एक भाग आहे. फक्त त्यातील स्निग्धांश आणि बरीचशी साखर काढून टाकलेली असते. तो पचतो लवकर, आणि स्नायूंच्या घडणीला चालना देणारे ल्युसिन हे अमिनो आम्ल त्यात भरपूर असते.

कॅलरी मोजून खाणाऱ्याला पावडरीची सोय का वाटते, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. २४ ग्रॅम प्रथिने पावडरीच्या एका स्कूपमधून, म्हणजे डब्यातल्या मापाच्या एका चमच्यातून, सुमारे १२० कॅलरींत मिळतात. तेवढीच प्रथिने चार अंड्यांतून घेतली तर २९० च्या आसपास, तुरीच्या डाळीतून घेतली तर पावणेचारशेच्या आसपास, टोन्ड दुधातून घेतली तर साडेचारशेच्या आसपास आणि शेंगदाण्यांतून घेतली तर पाचशेच्याही वर कॅलरी पोटात जातात. शेंगदाणे ‘प्रोटीनसाठी’ मुठीमुठीने खाणाऱ्यांनी हा फरक अवश्य ध्यानात घ्यावा. याला अपवाद सोयाबीनच्या वड्यांचा आहे. त्यांच्या ४५ ग्रॅममध्ये तेवढीच प्रथिने अवघ्या १६० कॅलरींत मिळतात, आणि किमतीच्या बाबतीत पावडर त्यांच्या जवळपासही येत नाही. दुसऱ्या बाजूने पाहिले तर डाळीबरोबर चोथा, लोह, फोलेट आणि पोटॅशियमही येते, अंड्याबरोबर बी-१२ येते. पावडरीत यातले बहुतेक काही नसते. म्हणूनच जेवण काढून टाकून त्या जागी पावडर घेणे मला मान्य नाही. जेवण सुधारल्यावर उरणारी तूट भरण्यासाठी ती घेण्यास माझी हरकत नाही.

आपल्यासाठी मी असे सुचवेन. सकाळी पोह्यांऐवजी दोन अंडी आणि एक पोळी घ्यावी, किंवा ५० ग्रॅम मुगाची डाळ भिजवून वाटून तिचे धिरडे करावे. दुपारचे वरण घट्ट करावे. वाटीत कोरडी डाळ ३० ते ३५ ग्रॅम असावी, आणि सोबत १५० ग्रॅम दही असावे. संध्याकाळी कुरमुऱ्यांऐवजी ३० ग्रॅम फुटाणे खावेत. रात्री खिचडीऐवजी वाटीभर मटकीची किंवा मुगाची उसळ आणि एक लहान ज्वारीची भाकरी ठेवावी. तेल आटोक्यात ठेवले तर हे सारे १३०० कॅलरींच्या आत बसते आणि प्रथिने ६० ग्रॅमपर्यंत पोहोचतात, म्हणजे आजच्या दुप्पट. मग जिमच्या चार दिवशी पाण्यातून एक स्कूप घेतला की आकडा ८० च्या पुढे जातो. उरलेल्या दिवशी ५० ग्रॅम पनीर किंवा ३० ग्रॅम सोयाबीनच्या वड्या भाजीत घातल्या तरी पुरते. रोज दोन स्कूपची आपल्याला गरज नाही. पावडर घेण्याची इच्छा नसेल, तर तो एक स्कूपही सोडून देता येईल. त्याच्या जागी आणखी दोन अंडी आणि वाटीभर दही घ्यावे लागेल, एवढेच.

शेक पाण्यातूनच घ्यावा, असे मी मुद्दाम सांगत आहे. पाव लिटर साईचे दूध, एक केळे, दोन मोठे चमचे पीनट बटर आणि एक स्कूप अशा घट्ट शेकमध्ये सव्वासहाशेच्या आसपास कॅलरी होतात, म्हणजे आपल्या दिवसभराच्या मर्यादेचा जवळजवळ अर्धा भाग. ‘डाएट करते, रोज शेकही घेते, तरी वजन उतरत नाही’ अशा तक्रारींच्या मुळाशी मला अनेकदा हाच पेला सापडला आहे.

सासूबाईंच्या शंकेबद्दल. ज्यांच्या मूत्रपिंडांचे काम आधीच मंदावले आहे, त्यांना डॉक्टर प्रथिने मर्यादित ठेवायला सांगतात, कारण प्रथिनांच्या पचनातून तयार होणारा युरिया बाहेर टाकण्याचा भार मूत्रपिंडांवर असतो. घराघरांतली भीती येथून आली आहे आणि अशा रुग्णांपुरती ती रास्त आहे. निरोगी मूत्रपिंडे असलेल्यांमध्ये मात्र आपण बोलत आहोत तेवढ्या प्रमाणामुळे मूत्रपिंडे निकामी होतात, असे आजवरच्या अभ्यासांतून दिसलेले नाही. अडचण अशी, की आपली मूत्रपिंडे निरोगी आहेत हे आपल्यापैकी अनेकजण तपासणी न करताच गृहीत धरतात. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाहणीनुसार देशात मधुमेहींची संख्या १० कोटींहून अधिक आहे, आणि मधुमेह व रक्तदाब ही मूत्रपिंडाच्या विकाराची दोन मोठी कारणे आहेत. म्हणून पावडर सुरू करण्यापूर्वी रक्तातील क्रिएटिनिन आणि लघवीतील अल्ब्युमिन या दोन तपासण्या एकदा कराव्यात. घरात कोणाला मूत्रपिंडाचा विकार किंवा मुतखडा असेल, तर त्या टाळू नयेत. सासूबाईंनाही तो अहवाल दाखवावा. त्यांची काळजी निराधार नाही.

यजमानांनी वाचलेली सूचना राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहार-मार्गदर्शक तत्त्वांतील असावी. शरीर कमावण्यासाठी प्रथिनांच्या पावडरी टाळाव्यात, त्यांत साखर, कृत्रिम गोडी आणि स्वाद मिसळलेले असू शकतात, आणि त्या नियमित घेणे योग्य नाही, असे त्यात म्हटले आहे. किलोमागे १.६ ग्रॅमच्या पुढे पूरक प्रथिने घेऊन स्नायूंना अधिक लाभ होत नाही, हेही त्यात नोंदवले आहे. ही तत्त्वे सर्वसामान्य जनतेसाठी आहेत, आणि डाळ-उसळीचे पैसे डब्यात घालणाऱ्या देशात असा इशारा देणे मला आवश्यकच वाटते. आपल्या बाबतीत मी तिचा अर्थ एवढाच लावते, की पावडर हा पाया असता कामा नये.

खरी चिंता मला डब्यात काय भरले आहे याची वाटते. प्रयोगशाळेत प्रथिने मोजण्याची रूढ पद्धत १८८३ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत योहान केल्डाल यांनी शोधली. तिच्यात प्रत्यक्ष प्रथिने मोजली जात नाहीत. नायट्रोजन मोजून त्याला ठरावीक आकड्याने गुणतात. त्यामुळे ग्लायसिन किंवा टॉरिनसारखे स्वस्त, नायट्रोजनयुक्त पदार्थ मिसळले की कागदावर प्रथिने वाढतात, शरीराला मात्र मिळत नाहीत. चीनमध्ये २००८ साली दुधात मेलॅमिन हे नायट्रोजनयुक्त औद्योगिक रसायन मिसळून लाखो बाळांना आजारी पाडणारी भेसळ याच पळवाटेतून झाली होती. आपल्या देशात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रथिन-पावडरींची तपासणी करून २०२४ मध्ये ‘मेडिसिन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे ७० टक्के डब्यांवर प्रथिनांचे प्रमाण चुकीचे लिहिलेले आढळले, आणि काहींत बुरशीपासून तयार होणारे अफ्लाटॉक्सिनही सापडले. पोषणासाठी घेतलेल्या वस्तूत यकृताला घातक विष असावे, याचा मला संताप येतो.

म्हणून डबा घेताना जाहिरातीकडे न पाहता मागचा मजकूर वाचावा. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी परवाना क्रमांक असावा. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेली असते. त्यात सुरुवातीलाच माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली स्वस्त पिष्टमय भुकटी) किंवा साखर दिसली तर डबा परत ठेवावा. स्कूपच्या वजनाने त्यातील प्रथिनांना भागावे : ३० ग्रॅममध्ये २४ ग्रॅम म्हणजे ८० टक्के, हे ठीक आहे, ४५ ग्रॅममध्ये १५ ग्रॅम असतील, तर तुम्ही मुख्यतः पिठूळ साखर विकत घेत आहात. ‘मास गेनर’ असे लिहिलेले डबे वजन वाढवण्यासाठी असतात. वजन उतरवू पाहणाऱ्याच्या हाती ते कोणी देऊ नयेत. स्वतंत्र प्रयोगशाळेने त्याच खेपेची तपासणी केल्याचा अहवाल उपलब्ध असेल, तर त्याला प्राधान्य द्यावे.

केसांबद्दल : झपाट्याने वजन उतरल्यानंतर दोन-तीन महिन्यांनी केस गळणे नेहमी आढळते आणि प्रथिनांची कमतरता त्यात भर घालते. तरीही हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) आणि थायरॉइड यांची तपासणी करून घ्यावी. लोहाची उणीव कोणत्याही शेकने भरून निघत नाही.

प्रश्न : माझा मुलगा १६ वर्षांचा आहे. तो तालमीत जात असे, आता जिमला जातो. पुढे पोलीस भरती किंवा लष्करात जाण्याची त्याची इच्छा आहे. जिममधूनच तो प्लॅस्टिकच्या पिशवीत सुटी पावडर आणतो. तिच्यावर काहीच लिहिलेले नाही. तीन महिन्यांत त्याचे अंग फार भरले आणि पाठीवर मोठमोठ्या पुटकुळ्या आल्या. त्याला अडवावे का?
— एक वाचक, कोल्हापूर जिल्हा

उत्तर : होय, आजच अडवावे, आणि ती पिशवी फेकून न देता डॉक्टरांना दाखवावी.

साध्या व्हे पावडरीनेही काही मुलांना पुटकुळ्या येतात, त्यामुळे एवढ्यावरून मी निष्कर्ष काढणार नाही. परंतु तीन महिन्यांत अंग वेगाने भरणे, पाठीवर पुरळ आणि नाव नसलेली पावडर या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या, की तिच्यात स्टेरॉइडची भेसळ असण्याची शंका घ्यावीच लागते. ही शंका काल्पनिक नाही. जर्मनीतील कोलोनच्या प्रयोगशाळेने १३ देशांतून विकत घेतलेल्या ६३४ पूरक उत्पादनांची तपासणी केली, तेव्हा १४.८ टक्के नमुन्यांत लेबलावर न लिहिलेली, शरीरात जाऊन पुरुषी संप्रेरकांत रूपांतर पावणारी द्रव्ये सापडली होती. ते तर बंद, नाव असलेले डबे होते. आपल्या मुलाच्या पिशवीला नावही नाही. वाढीच्या वयात अशी द्रव्ये पोटात गेली तर हाडांची वाढीची टोके अकाली बंद होऊन उंची कायमची खुंटते, वृषणांचे कार्य मंदावते, स्तन वाढू शकतात, यकृताला इजा होऊ शकते आणि स्वभाव चिडखोर बनतो. भरतीत उंचीची अट असते, हे त्याला सांगावे. रागावण्यापेक्षा हे कारण त्याला लवकर पटेल असे मला वाटते. पुढे स्पर्धात्मक खेळात उतरायचे असेल, तर उत्तेजक-चाचणीत सापडलेल्या द्रव्याची जबाबदारी खेळाडूवरच टाकली जाते. ते पावडरीतून नकळत आले, असे सांगून दोषातून सहसा सुटका होत नाही.

१६ ते १८ वर्षांच्या मुलाची रोजची शिफारस केलेली गरज ५५ ग्रॅम आहे. कसून व्यायाम करणाऱ्याला ८०-९० ग्रॅम लागतील असे धरले, तरी आपल्या भागात ती घरातून मिळणे मुळीच कठीण नाही. अर्धा लिटर दुधातून १६ ग्रॅम, तीन अंड्यांतून १८, दोन वेळच्या डाळ-उसळीतून १६ ते १८, भाकरी-पोळीतून १५ ते २०, आणि मूठभर शेंगदाण्यांतून ७ ग्रॅम एवढी बेरीज कोणतीही पावडर न घेता ७० च्या पुढे जाते. त्यात आठवड्यातून काही वेळा १०० ग्रॅम चिकन आले की प्रश्नच उरत नाही. तालमीतल्या पैलवानांचा धारोष्ण दूध आणि बदाम-खसखशीच्या थंडाईचा खुराक प्रथिनांइतकाच स्निग्धांशाचा आणि कॅलरींचा असतो. दिवसाला हजारो जोर-बैठका काढणाऱ्याला तो मानवतो, तासभर जिम करून उरलेला वेळ शिकवणीत बसणाऱ्या मुलाला तेवढा लागत नाही. दूध मात्र उकळूनच द्यावे.

मुलाशी बोलताना एक विनंती. त्याला गुन्हेगार ठरवू नये. आपल्या जिममधल्या थोरल्या मुलांसारखे दिसावे, ही त्या वयातली स्वाभाविक इच्छा आहे, आणि त्या इच्छेचा फायदा घेऊन वजनकाट्यावर पावडर विकणारा प्रौढ माणूस यात दोषी आहे. अन्न व औषध प्रशासनाकडे त्याची तक्रार करता येते आणि ती करावी, कारण त्या पिशव्या घेणारी मुले आणखीही असतील.

प्रश्न : माझे वय ६१, मधुमेह १२ वर्षांपासून आहे. ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन या गोळ्या चालू आहेत. रोज सकाळी तासभर चालतो. रात्रीचे जेवण बंद करून त्याऐवजी प्रोटीन शेक घेतला तर वजन उतरून मधुमेहही जाईल, असे मित्र सांगतात. परदेशात तसे सिद्ध झाले आहे म्हणे.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : आपले मित्र ज्याविषयी बोलत आहेत तो ब्रिटनमधला प्रयोग असावा. त्याचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले आणि ते खरोखरच आशादायक होते : तीन ते पाच महिने रोज ८२५ ते ८५३ कॅलरींच्या शेक आणि सूपवर राहिलेल्यांपैकी ४६ टक्क्यांचा मधुमेह वर्षाअखेर औषधांविना नियंत्रणात होता. पण त्यातील सर्वांचा मधुमेह सहा वर्षांच्या आतला होता, कोणीही इन्सुलिनवर नव्हते, मधुमेहाच्या गोळ्या पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी बंद केल्या होत्या आणि देखरेख सतत होती. शिवाय ते शेक म्हणजे प्रथिनांची पावडर नव्हती. पिष्टमय पदार्थ, स्निग्धांश, जीवनसत्त्वे आणि खनिजे ठरावीक प्रमाणात घातलेले ते संपूर्ण अन्न होते. नावात साम्य असले, तरी दुकानातल्या डब्याशी त्याचा संबंध नाही.

केवळ प्रथिनांवर राहण्याचे परिणाम अमेरिकेने १९७७-७८ मध्ये पाहिले आहेत. जनावरांची कातडी आणि कूर्चा यांपासून काढलेल्या कोलॅजेनचे द्रव पिऊन लोक झटपट वजन उतरवत होते; त्यांपैकी पन्नासहून अधिक जण दगावले, आणि कित्येकांच्या बाबतीत हृदयाचे ठोके बिघडल्याचे आढळले. कोलॅजेनमध्ये ट्रिप्टोफॅन हे अत्यावश्यक अमिनो आम्ल नसते, खनिजांचा पुरवठाही तुटलेला होता. आज कोलॅजेनचे डबे त्वचेसाठी आणि केसांसाठी पुन्हा खपत आहेत. त्यांना प्रथिनांचा पूर्ण स्रोत समजू नये.

आपल्यासाठी तातडीचा धोका वेगळा आहे. ग्लिमेपिराइड ही गोळी स्वादुपिंडातून इन्सुलिन सोडवते. तिचा परिणाम चालू असताना रात्री भाकरी-भात काहीच नसेल, तर झोपेत साखर घसरू शकते. म्हणून डॉक्टरांनी मात्रा बदलल्याशिवाय रात्रीचे जेवण बंद करू नये. १२ वर्षांच्या मधुमेहानंतर लघवीतील अल्ब्युमिनची तपासणी दरवर्षी व्हायलाच हवी. मूत्रपिंडांवर परिणाम झालेला असेल तर प्रथिने किलोमागे ०.८ ग्रॅमच्या आसपास ठेवावी लागतात आणि पावडरीचा विषयच संपतो. अहवाल चांगला आला, तर मात्र आपल्या वयात प्रथिने कमी नकोत, किलोमागे १ ते १.२ ग्रॅम हवीत, कारण साठीनंतर स्नायू झिजण्याचा वेग वाढतो. तशा वेळी रात्री अर्धी भाकरी, उसळ, पालेभाजी आणि ताक असे जेवण मी शेकपेक्षा केव्हाही पसंत करेन. आणि चालण्याला आठवड्यातून दोन दिवस बैठका, भिंतीला टेकून जोर आणि पाण्याच्या बाटल्या उचलणे यांची जोड द्यावी; स्नायूंवर भार पडला नाही तर वाढवलेल्या प्रथिनांचा पुरेसा उपयोग होत नाही.

प्रश्न : आमच्याकडे रोज मासे असतात. यजमान व्यायामशाळेत जातात. त्यांना पावडर लागेल का?
— एक वाचिका, मालवण

उत्तर : नाही. १०० ग्रॅम बांगड्यात १९-२० ग्रॅम उत्तम प्रतीची प्रथिने असतात, शिवाय ओमेगा-३ मेदाम्ले मिळतात, जी पावडरीत नसतात. तळण्याऐवजी तिखले किंवा कमी नारळाचे कालवण करावे. सुकट आणि सुके बोंबील प्रथिनांच्या बाबतीत सरस आहेत, पण मीठ फार असते. रक्तदाब असेल तर ते बेतानेच खावेत.

प्रश्न : शेक घेतल्यावर माझे पोट फुगते. व्यायामानंतर अर्ध्या तासात तो घेतलाच पाहिजे, म्हणून मी घाईघाईने संपवतो. काय करावे?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : अर्ध्या तासाची घाई करण्याचे कारण नाही. दिवसभरातील एकूण प्रथिने आणि ती तीन-चार वेळांत साधारण सारखी वाटली जाणे याला अधिक महत्त्व आहे. व्यायामानंतर दोन तासांत नेहमीचे जेवण होणार असेल, तर स्नायूंचे काही नुकसान होत नाही. पोट फुगण्याचे कारण बहुधा दुग्धशर्करा असावे. साध्या दुधानेही तसेच होते का, ते पाहावे. होत असेल, तर व्हे कॉन्सन्ट्रेटऐवजी आयसोलेट हा अधिक शुद्ध केलेला प्रकार निवडावा, त्यात दुग्धशर्करा फारच कमी असते. दुधाने काही होत नसेल, तर घटकांच्या यादीत सॉर्बिटॉल किंवा माल्टिटॉलसारखी कृत्रिम गोडी आणि गोंद आहेत का ते तपासावे, बिनस्वादाची पावडर घेऊन पाहावी आणि पेला सावकाश संपवावा. आठवडाभर पावडर पूर्ण बंद ठेवूनही फुगणे थांबले नाही, तर पोटविकारतज्ज्ञांना दाखवावे.